घोडा, चाप आणि 'रिकामीच आहे'

पत्र असं आहे :

"नमस्कार काका, मी कणकवली तालुक्यात एका गावात राहते. घरात सासऱ्यांची छऱ्याची बंदूक आहे, शेती राखायला घेतलेली, परवाना आहे. ती माजघरात खुंटीला असते आणि गोळ्या फडताळात बिस्किटांच्या डब्यात. दीर मुंबईला असतात, मे महिन्यात आले की बंदूक काढतात, पुसतात, पोरांच्या हातात देऊन फोटो काढतात. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाला परसात बार पण काढला. मी काही बोलले की म्हणतात, वहिनी आधी नावं शिका, चापाला घोडा म्हणता, काडतुसाला गोळी म्हणता आणि आम्हाला शिकवता. सासरे म्हणतात रिकामीच आहे, कशाला घाबरतेस. यंदा चार मुलं येणार आहेत, मोठा अकरा वर्षांचा. मला त्या नावांचं काही पडलेलं नाही, मुलांना काही होऊ नये एवढंच. काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगतो, तुमच्या घरात नक्की कुठली बंदूक आहे तेच मला कळलं नाही. मी पोलिसात आर्मोरर होतो, म्हणजे आयुष्य बंदुका पुसण्यात आणि मोजण्यात गेलं, तरी नाही कळलं. कारण 'छऱ्याची बंदूक' आपल्याकडे तीन वेगवेगळ्या वस्तूंना म्हणतात. एक म्हणजे हवेची, एअर रायफल, जत्रेत फुगे फोडायला असते ती. दुसरी बारा बोअरची काडतुसाची. तिसरी ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची. तिन्हींतनं छर्रेच निघतात म्हणून नाव एकच पडलं, पण धोका तीन प्रकारचा आणि ती रिकामी आहे की नाही हे बघायची पद्धतही तीन प्रकारची. हवेची नसणार असं मी धरतो, कारण १७७ बोअरच्या, २० जूलच्या आतल्या हवेच्या रायफलीला परवाना लागतच नाही आणि तुमच्याकडे परवाना आहे. उरल्या दोन. आता त्या बिस्किटांच्या डब्यात जर बोटाएवढ्या जाड, लाल किंवा दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकच्या, बुडाला पितळ असलेल्या वस्तू असतील तर ती काडतुसं. आणि पुडीत सुटे शिशाचे दाणे, काळी भुकटी आणि इवल्याशा तांब्याच्या टोप्या असतील तर घरात ठासणीची आहे, आणि मग तो डबा चुलीच्या किंवा गॅसच्या आसपास तरी नाही ना ते आजच बघा, उद्या नको.

सगळ्यात सोपं म्हणजे सासऱ्यांकडून परवान्याचं पुस्तक मागून घ्या. त्यात एसबीबीएल लिहिलं असेल तर एकनळी, मागून उघडून काडतूस घालायची. डीबीबीएल म्हणजे दुनळी. एसबीएमएल म्हणजे एकनळी पण तोंडातून भरायची, आपली ठासणीची. ही तीन लघुरूपं तुमच्या दिरांनाही माहीत आहेत का ते एकदा विचारा, मला शंका आहे.

दीर जे बोलले ते बोलायची पद्धत वाईट, वहिनीला गप्प करायला नावांचा वापर करणं मला आवडलेलं नाही. पण नावांबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही म्हणता 'नावांचं काही पडलेलं नाही' ते मात्र मला पटत नाही. का ते सांगतो.

१९७९ चा मे महिना, आमचं घर देवगड तालुक्यात, काजूच्या बागेत मांगर, म्हणजे राखणीचं कौलारू खोपटं, होता तिथं आजोबा बसायचे. त्यांची एकनळी काडतुसाची, बाहेरून दिसणारा घोडा असलेली. घोडा म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, अंगठ्याने मागे ओढून चढवायचा तो. आणि चाप म्हणजे खाली बोटाने ओढायचा तो, ज्याच्याभोवती कडं असतं. वानर आले म्हणून आजोबांनी घोडा चढवला, वानर निघून गेले, आणि आजोबांना काय सुचलं देव जाणे, त्यांनी तशीच चढवलेली बंदूक माझ्या मुंबईहून आलेल्या चुलतभावाच्या हातात दिली आणि मांगराच्या दाराला आगळ घालायला वाकले. वाकता वाकता म्हणाले, "घोडो उतरय रे." म्हणजे अंगठ्याने धरून अलगद खाली आण. चुलतभाऊ सिनेमे बघून वाढलेला, त्याच्या लेखी घोडा म्हणजे जो दाबतात तो. त्याने दाबला.

नळी वर होती म्हणून आज हे लिहितोय. दोन कौलं गेली, एक माझ्या पायावर पडलं, धुराने काही दिसेना, आणि कानात जी शिट्टी वाजायला लागली ती रात्री जेवतानाही चालूच. वाशात छर्रे रुतले. मांगर मोडला तेव्हा तो वासा आम्ही गोठ्याला वापरला, अजून आहे, बोट फिरवलं की दाणे लागतात. चुलतभावाला त्या दिवशी सगळे ओरडले पण चूक आजोबांची होती, दोन चुका होत्या खरं तर. चढवलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायचीच नसते, आणि घोडा उतरवायच्या आधी बंदूक उघडून काडतूस बाहेर काढायचं असतं, मग घोडा अंगठ्यातून निसटला तरी काय व्हायचंय. पण त्या दोन चुका एका शब्दावर येऊन फुटल्या ना. आज तर घोडा शब्दाचे हाल अजून वाईट आहेत, मुंबईत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. एका शब्दाचे तीन अर्थ आणि ते तीन अर्थ डोक्यात असलेली तीन माणसं एका खोलीत, मध्ये भरलेली बंदूक.

तसाच दुसरा शब्द 'रिकामी', तुमच्या सासऱ्यांचा. हा तर माझ्या मते सगळ्यात घातक शब्द आहे, कारण प्रत्येकाची रिकामी वेगळी असते. ठासणीवाला म्हातारा रिकामी म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की ठिणगी देणारी तांब्याची टोपी काढून ठेवलीय. आतला बार तसाच असतो. का, तर ठासणीची एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा रस्ता म्हणजे उडवणं, आणि रात्रभर राखण करून डुक्कर आलंच नाही तर एक बार फुकट कशाला घालवा, म्हणून टोपी तेवढी काढून खुंटीला. आठवडे जातात, पाऊस जातो, विसरून जायला होतं. टोपीचा स्फोटक कण जरी तिथं चिकटून राहिलेला असला आणि घोडा आपटला, तर बार उडू शकतो. काडतुसवाला रिकामी म्हणतो तेव्हा कधी कधी त्याचा अर्थ असतो की मी शेवटचं उडवलं होतं, म्हणजे त्याला तसं आठवतं. आणि दीर रिकामी म्हणतात म्हणजे बाबा म्हणाले रिकामी आहे. ह्यातली एकही रिकामी मी मानत नाही.

माझ्या नोकरीत शस्त्र हातात घेतलं की आधी उघडायचं, डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर आत करंगळी घालून बघायचं, मग पुढच्याला उघड्या अवस्थेतच द्यायचं आणि त्याने घेताना परत बघायचं. त्याने मला बघताना बघितलं असलं तरी. नवीन पोरं हसायची, आत्ताच तर बघितलंत साहेब. हसू दे. काडतुसाची बंदूक मध्ये उघडते, आम्ही त्याला बंदूक मोडणं म्हणायचो, मोडली की नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. हा उजेड म्हणजे रिकामी. ठासणीत आरपार बघायची सोयच नाही, आणि तोंडातून आत डोकवायचं तर अजिबात नाही. तिथे टोपी नाही हे आधी बघून, तोंड आपल्यापासून लांब धरून गज आत सोडतात, तोंडापाशी गजावर बोट धरतात, बाहेर काढून नळीच्या शेजारी बाहेरून लावून बघतात. गज पार बुडापर्यंत पोचत असेल तर रिकामी, चार-पाच बोटं आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. आजोबांच्या गुरूंच्या गजावर सुरीने दोन खाचा केलेल्या होत्या, एक भरलेलीची एक रिकामीची, म्हणजे अंधारात नखाने कळावं. हे काम तुम्ही नाही करायचं ताई, सासऱ्यांनी करायचं, तुमच्यासमोर. आणि आत बार निघाला तर गजाने ठोकून खरवडून काढायचा उद्योग घरात करू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आता गोळी. तुम्ही काडतुसाला गोळी म्हणता, अख्खा महाराष्ट्र म्हणतो, पेपरवाले पण म्हणतात. पण काडतूस म्हणजे सगळं पॅकिंग, वरचं कवच, बुडाची टोपी, दारू, छर्रे आणि ह्या दोघांच्या मधला डाट. गोळी म्हणजे पिस्तूल किंवा रायफलीतून एकटी बाहेर पडते ती शिशाची वस्तू. (काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेत, किनाऱ्यावरच्या माणसाला एवढं माहीत असावं.) फरक कशाला हवा, तर 'दादा गोळ्या घेऊन या' असं सांगून आणलेली वस्तू बंदुकीत बसते म्हणून घातली असं होतं. बारा बोअर म्हणजे काय, नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते, वीस बोअरची नळी बारापेक्षा लहान. लोकांना उलटं वाटतं, वीस म्हणजे मोठी. आता वीसचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं, वरून बंदूक रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं घालतो आणि उडवतो, नळी हातात फुटते. ह्याच भीतीने वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत आहे. तसंच जुन्या बंदुकीचं काडतुसाचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि काडतूस ७० चं, ते आत जातं पण उडताना तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो. म्हणून त्या डब्यातलं प्रत्येक काडतूस काढून त्यावर छापलेलं सासऱ्यांना वाचायला सांगा, चष्मा लावून. फुगलेली, हिरवट गंज चढलेली, पावसात भिजलेली असतील ती बाजूला काढून जिथून घेतली त्या परवानाधारक दुकानदाराला विचारा काय करायचं, शेणकईत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, किंवा चुलीत टाकू नका बाई.

आपल्या हवेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दमट हवेत 'खट्' झालं आणि बार झाला नाही असं आपल्याकडे पुष्कळ होतं. अशा वेळी लोक काय करतात, लगेच बंदूक उघडून तोंड घालतात बघायला. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. नळी सुरक्षित बाजूला धरून निदान अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं, ठासणीची असेल तर दोन मिनिटं. आणि नळीत काय काय जाऊन बसतं त्याला तोड नाही, शेताच्या बांधावर पडलात तर चिखल, आणि खुंटीला महिनोन्महिने लटकलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. मी स्वतः काढलंय, अळीसकट. तशीच उडवली तर नळी केळीच्या सालीसारखी सोलते.

दिरांबद्दल. परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे, घराच्या नावावर नाही. सासऱ्यांच्या समोर, त्यांच्यासाठी बंदूक धरणं वेगळं आणि परसात जाऊन हौसेने बार काढणं वेगळं. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, आता आनंद साजरा करायला बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि परसात बार म्हणजे कुठे हो? आपल्याकडे परसाच्या पलीकडे दगडाचा गडगा, गडग्यापलीकडे दुसऱ्याचं परसू. जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर किंवा कातळावर छर्रा आपटला की कुठल्या बाजूला वळेल सांगता येत नाही, खाडीच्या पाण्यावरूनसुद्धा उसळतो. हवेत काढला तरी वर गेलेलं खाली येतंच. दिरांना हे तुम्ही सांगितलं तर परत नावांवर येतील, म्हणून सासऱ्यांना सांगा की उद्या काही झालं तर परवाना तुमचा जाणार, आणि डुकरं तर चालूच राहणार. हे म्हाताऱ्यांना लगेच कळतं. त्यातच हेही सांगून टाका की तो परवाना बंदूक बाळगायचा आहे, शिकारीचा नाही, डुक्कर मारायलासुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, पण हा वाद तुम्ही आत्ता काढू नका, मुद्दा भरकटेल.

फोटो बंद. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात बंदूक देऊन समोर मोबाईल घेऊन उभं राहायचं, म्हणजे नळी कुणाकडे आहे बघा ना, फोटो काढणाऱ्याकडेच. कायद्याने २१ वर्षांखालच्याला शस्त्र बाळगता येत नाही, खेळाच्या प्रशिक्षणासारखे अपवाद सोडले तर. पण कायदा राहू दे. मुलाला त्या फोटोतून कळतं की ही वस्तू हातात घ्यायची असते आणि घेतली की मोठी माणसं खूष होतात. नंतर दुपारी सगळे जेवून आडवे झाले की तो काय करेल?

मुलांना भीती घालू नका, बाऊ केला की ती हमखास शोधायला जातात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सासऱ्यांनी बंदूक उघडून दाखवावी, नळीतला उजेड दाखवावा, हा घोडा, हा चाप, ही नळी, हा दस्ता, नेम धरायची पुढची ही माशी, हे काडतूस आणि ते इथे राहत नाही. नावं नीट सांगायची, कारण 'काका खोलीत ते हे पडलंय' आणि 'काका माजघरात काडतूस पडलंय' ह्यात तुम्ही किती वेगाने उठाल त्याचा फरक आहे. आणि मग एकच गोष्ट शिकवायची, दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला येऊन सांगायचं. सांगितल्याबद्दल ओरडायचं नाही, कुणाचीही तक्रार असली तरी. शेजारच्या घरी हवेची रायफल असेल तर तिलाही हाच नियम, परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही, डोळा गेला तर परत येत नाही.

खुंटी मात्र आजच मोकळी करा. बंदूक कुलपाच्या लाकडी किंवा लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. कापडी किंवा चामड्याच्या खोळीत पावसाळाभर ठेवू नका, खोळ दमट राहते आणि नळीला आतून गंज चढतो. उघडी, तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि परत वापरायच्या आधी नळीतलं तेल पुसून काढायला सांगा. निवडणुकीत ठाण्यात जमा करून परत आणली असेल तर घरी आल्यावर पहिलं काम उघडून बघणं, किती हातांतून गेली असेल. सेफ्टी लावलीय म्हणून निर्धास्त राहू नका, तुमच्या बंदुकीला सेफ्टी असेलच असं नाही, घोड्याच्या जुन्या बंदुकांना बहुतेक वेळा नसते, आणि ज्यांना असते त्यांतल्या पुष्कळांत ती फक्त चाप अडवते, आतली हातोडी नाही.

आणि कुलूप लावल्यावर किल्ली देवघरातल्या कुंकवाच्या डबीत नका ठेवू. दुसरीकडे कुठे ते मी इथे लिहीत नाही, पण देवघरात नको, आपल्याकडे प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोराला ती डबी माहीत असते.